तंजावर, अडीच दिवस, सासूबाई आणि उपसागरातला कमी दाबाचा पट्टा

टिवल्याबावल्या:

मंडळी, तंजावरहून आल्यावर लिहीन असं इथल्या दोघातिघांना कबूल केलं होतं, पण आल्यापासून घरात एकामागून एक सर्दीचा नंबर लागतोय त्यामुळे आज मुहूर्त मिळाला. प्रवासवर्णन म्हणून वाचायला बसू नका, ठरवलेल्या सात ठिकाणांपैकी आम्ही जेमतेम तीन बघितली.

आम्ही म्हणजे मी, नवरा, सासूबाई (वय ७३, एक गुडघा बदललेला, दुसरा वेटिंगवर) आणि लेक, इयत्ता चौथी. पुणे-चेन्नै विमान, पुढे एग्मोरहून रात्रीची ट्रेन. बुकिंग ऑगस्टमध्येच करून टाकलं होतं कारण नवऱ्याचं म्हणणं नोव्हेंबर म्हणजे पाऊस संपलेला, हवा छान. हो, संपलेला, आपल्याकडचा! तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा, परतीचा मोसमी वारा बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतो, शाळेत नकाशात बाण काढून मार्कसुद्धा घेतलेत आपण आणि तिकीट काढताना एकालाही आठवलं नाही.

पहाटे कुंभकोणमच्या आसपास जाग आली तर रुळांच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. मी नवऱ्याला हलवून म्हटलं अहो उठा पूर आलाय. समोरच्या बर्थवरचे आजोबा हसले, म्हणाले हे सांबा भाताचं शेत आहे, पाणी असायचंच. मग त्यांनी स्वतः काचेला नाक लावून बघितलं आणि च्च केलं, तेव्हा कळलं की असायचं त्यापेक्षा बरंच जास्त आहे. हॉटेलवर पोचलो तर रिसेप्शनवरचा मुलगा पाहुणा आल्याच्या आनंदात म्हणाला, "लो प्रेशर, मॅडम!" कलेक्टरने जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी दिली होती. लेक म्हणे आपण इथेच राहायला येऊया.

बरं, मुद्द्याचं. मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वर, तिथले लोक पेरिय कोविल म्हणतात. सकाळी साडेआठला गेलो, पाऊस धो धो नाही पण थांबतही नाही असा. बाहेर चपला ठेवल्या (परत आलो तेव्हा त्यांच्यात पाणी भरलेलं, ओतून घातल्या) आणि सासूबाईंचा हात धरून एकेक पाऊल टाकत आत. तीन दरवाजे आहेत ओळीने, सगळ्यात बाहेरचा मराठ्यांच्या काळातला, मग केरळांतकन, मग राजराजन. तिसऱ्यातून आत आलं की अंगणच अंगण आणि समोर ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर हो, चढायचं नव्हे. ६० मीटरच्या वर उंच आहे, सगळा ग्रॅनाइट, राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं. आम्हाला वरचा कळस दिसतच नव्हता, ढग उतरलेले. अधूनमधून एखादा मजला दिसायचा, परत गायब. अशा उंच इमारतीचं आपण नेहमी पहिल्यांदा टोक बघतो आणि फोटो काढून मोकळे होतो, इथे टोकच नाही म्हटल्यावर नजर आपोआप खालच्या मूर्तींवर, जोत्यावरच्या शिलालेखांवर राहिली. देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावं आणि कोणाला कुठल्या आळीत कितवं घर दिलं हे दगडावर कोरून ठेवलंय! मला तमिळ ओ की ठो कळत नाही, पण सोसायटीच्या मीटिंगांना जाणाऱ्या बाईला हे वाचून गहिवरून येणारच.

तो दगड उन्हाळ्यात एवढा तापतो म्हणे की लोक अनवाणी उड्या मारत जातात, सावलीत पोचेपर्यंत कशाकडे बघायची सोय नाही. आम्ही दीड तास रमतगमत फिरलो. पाय गार, वर छत्री. निसरडं मात्र आहे, विशेषतः नंदीमंडपाच्या पायऱ्या. मोजे घालून जा असं नेटवर सांगतात ते पावसात अजिबात करू नका, ओला मोजा म्हणजे साबण.

मग साधारण दहाला जो काय आडवा-तिडवा आला की छत्रीचा उपयोग संपला. पळत (सासूबाई चालत, पण त्यांच्या मानाने पळतच) भिंतीकडेने जी लांबलचक ओवरी आहे तिच्यात शिरलो. शिवलिंगांच्या रांगा आहेत तिथे. आमच्यासारखीच पन्नासेक माणसं, एक अख्खी शाळेची ट्रिप, सुट्टीची बातमी कळायच्या आत निघालेली असणार. ओवरीतून सरकत सरकत नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे गणपती आहे तिथवर आलो आणि लेक म्हणाली, "आई, हे मला वाचता येतंय."

मी म्हटलं काहीतरीच काय, तमिळ असेल. तर देवनागरी. भिंतभर! बारीक, शब्दांमध्ये जागा न सोडता कोरलेली मराठी. मला वाचून माहीत होतं की तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतलाय, जगातल्या सगळ्यात मोठ्या शिलालेखांत धरतात, तो बघायचा म्हणून माझ्या यादीत तीन नंबरला होता. पण यादीत असणं वेगळं आणि दोन दिवस सगळीकडे जिलेबीसारखी अक्षरं बघून डोळे थकलेले असताना समोर अचानक आपला "राजे" येणं वेगळं. लेक बोट फिरवत (लावू नको, लावू नको, असं मी, म्हणून हवेत) एकेक अक्षर लावत होती. सासूबाईंनी चष्मा पुसला, खाली वाकल्या, गुडघा विसरल्या. पाऊण तास पाऊस पडला, पाऊण तास आम्ही तिथेच. एरवी ड्रायव्हरने "फाइव्ह मिनिट्स" दिली असती.

संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवसाची दैना नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

---

सदाशिवपेठी_काका:

छान लिहिताय. एक दुरुस्ती, "परतीचा मोसमी वारा" आणि "परतीचा पाऊस" यात आपल्याकडे लोक घोटाळा करतात. आपल्याकडचा परतीचा पाऊस हा नैर्ऋत्य मोसमी जाताजाताचा, वळवासारखा गडगडाटी. तमिळनाडूचा तो ईशान्य मोसमी, त्यांच्या वर्षाच्या पावसातला मोठा वाटा त्याचाच. जून-जुलैत ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत कोरडे बसलेले असतात.

बाकी ते देवळाची सावली जमिनीवर पडत नाही हे बघितलंत का?

---

टिवल्याबावल्या:

काका, बघितलं ना. खरंच पडत नव्हती. ऊनच नव्हतं. :ड

---

घाटवाट:

हाहाहा. सावली व्यवस्थित पडते हो, मी मे महिन्यात त्याच सावलीत बसून ताक प्यायलोय. एवढी ६० मीटरची वस्तू, सावली जाईल कुठे? तो एकाच दगडाचा ८० टनी कळस पण तसाच, गाईड सांगतात म्हणून ऐकून घ्यायचं. मुलीला उत्तरेच्या बाजूचा टोपीवाला दाखवलात का? विमानावर एक हॅट घातलेल्या युरोपियन माणसाचं मुंडकं आहे. गाईड म्हणतात चोळांना भविष्य दिसत होतं की गोरे येणार. अरे बाबा, जवळच तरंगमबाडीला १६२० पासून डॅनिश लोक तंजावरच्या नायकांच्या (मराठ्यांआधीचे तिथले राजे) परवानगीने दुकान थाटून बसले होते, कोणीतरी मागाहून डागडुजी करताना चिकटवला असेल.

---

टिवल्याबावल्या:

टोपीवाला ढगात होता. :(

---

चेन्नैची_सून:

धागा वाचून घरी मोठ्याने वाचून दाखवला. माझं सासर तंजावर मराठी, म्हणजे तिथले लोक ज्यांना रायर म्हणतात ते. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ) किंवा त्यांच्या मागून गेलेली देशस्थ घरं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं भाषेचा प्रश्न नाही, चला सुटलो! पहिल्या दिवशी सासूबाई जे बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं, माझं त्यांना निम्मं, मग दोघी इंग्लिशवर आलो. हेल पूर्ण तमिळ, क्रियापदं जुनी आणि मधेच एखादा शब्द असा की आपल्या पणजीने वापरला असेल. पण पानात अंबट भाजी (पालेभाजी चिंच घालून) आणि डांगर पचडी आली तेव्हा मी सरळ झाले. डांगर म्हणजे आपलंच उडदाच्या पिठाचं. सासरे कधी पुण्याला आले नव्हते ७० वर्षांत, आणि देवघरात समर्थांचा फोटो.

---

आगाऊ_कार्टा:

म्हणजे सांबार आपलंच ना? संभाजी महाराज तंजावरला गेले, आमसूल संपलं, चिंच घातली, संभाजी + आहार = सांबार. व्हॉट्सॅपवर दर सहा महिन्यांनी येतं.

---

सदाशिवपेठी_काका:

आलं सांबार. मी वाटच बघत होतो.

समकालीन कागद दाखवा, मग बोलू. गोष्ट छान आहे, ऐकायला गोड आहे, पण चिंच घातलेली डाळ-भाजी करायला तमिळ माणसाला आमसूल संपायची वाट बघावी लागली असेल हे मला पटत नाही. त्यापेक्षा जे पक्कं आहे ते कोणी सांगत नाही. सरफोजींच्या छापखान्यात १८०६ साली मराठी पुस्तक छापलं, बालबोध मुक्तावली, इसापनीतीचं भाषांतर. १८०६! पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव गादीवर होते. आणि शहाजीराजांनी (हे व्यंकोजींचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) मराठीत नाटकं लिहिली ती सांगलीच्या १८४३ च्या सीता स्वयंवराआधी दीडशे वर्षं.

---

आगाऊ_कार्टा:

काका चिडू नका. मी इडलीबरोबर चटणीवाला आहे.

---

टिवल्याबावल्या:

आले परत. भाग दोन.

दुपारी राजवाडा. मूळ नायकांचा, नंतर भोसल्यांनी वाढवला. तिथे सरस्वती महाल ग्रंथालय आहे त्याचं म्युझियम बघायला मिळतं, मुख्य ग्रंथालय अभ्यासकांसाठी. फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे, नाहीतर बघणार कोण. ताडपत्रं, पोथ्या, नकाशे, चित्रं. सरफोजी हा काय प्रकार होता हे मला तिथे कळलं. १७९८ ला गादीवर आला, पुढच्याच वर्षी कंपनीने करार करून कारभार काढून घेतला, हातात उरला किल्ला आणि तनखा. दुसरा कोणी रडत बसला असता किंवा शिकारी करत. याने पुस्तकं जमवली, शाळा काढल्या, दवाखाना काढला, डोळ्यांच्या पेशंटांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. लहानपणी एका जर्मन पाद्र्याने, श्वार्ट्झने, शिकवलं होतं, म्हणून युरोपातली पुस्तकं पण मागवायचा. त्याचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आहे, उभा, हात जोडलेले. सासूबाईंनी उलट नमस्कार केला आणि मग त्यांनाच हसू आलं.

तेवढ्यात लाइट गेले. पाचेक मिनिटं आम्ही अंधारात, बाहेर पावसाचा आवाज, आणि सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागले. मग आले.

बाहेर पडताना लेकीला ती मान डोलावणारी बाहुली घेतली, तलैयाट्टी बोम्मै म्हणतात. कागदाच्या लगद्याची असते हे मला माहीत होतं. पिशवी कागदाची आहे हे माहीत नव्हतं. रिक्षा मिळेपर्यंत पिशवी संपली. पुढचं सांगायला नको.

दुसरा दिवस. तीन महिने आधी ठरलेली गाडी, सकाळी सातला येणार. नऊला फोन, येतोय. दहाला आला, आणि म्हणाला गंगैकोंडचोळपुरमचं देऊळ होणार नाही, रस्त्यावर पाणी आहे, पण पैसे पूर्ण दिवसाचे. वाद घालायला तमिळ यायला हवं होतं. नवरा हिंदीत चिडला, तो तमिळमध्ये शांत राहिला, शेवटी दारासुरम आणि कुंभकोणम यावर तह झाला. पाणी होतं की नव्हतं देव जाणे, पण त्या रस्त्यांवर त्या पावसात सासूबाईंना घेऊन अडकण्यापेक्षा बरंच झालं असं मी मनातल्या मनात ठरवलं, नवऱ्याला सांगितलेलं नाही.

दारासुरमचं ऐरावतेश्वर देऊळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली आहे. पाऊस झाला की पुढच्या भागात तळं साचतं आणि त्यात तो दगडी रथ, घोडे जुंपलेला मंडप. इतर वेळी लोक रथाच्या चाकांशेजारी उभे राहून फोटो काढतात, आमच्या वेळी चाकं अर्धी पाण्यात आणि खाली दुसरा रथ उलटा. पोटऱ्यांपर्यंत पाणी, लेक आणि नवरा गेले, मी आणि सासूबाई काठावर बसून बघत होतो. तिथल्या राखणदाराने आम्हाला न मागता दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या आणि समोरून कॉफी मागवली, पितळी डबऱ्या-पेल्यातली, फेस वरपर्यंत. पैसे घेतले नाहीत. कुंभकोणमला गेल्यावर डिग्री कॉफी म्हणून जी पाटी लावलेली प्यायलो ती याच्यापुढे कोमट दूध.

तिसऱ्या दिवशी तिरुवैयारू, त्यागराजांची समाधी, राहिलं. परतीची ट्रेन तीन तास लेट. इति.

आता माझे प्रश्न: १. परत जायचं तर कधी? जानेवारी की फेब्रुवारी? २. सरफोजींचा मनोरा बघितलाय का कोणी? ३. तो शिलालेख छापलेला कुठे मिळेल, लेकीला पुढे काय लिहिलंय ते हवंय.

---

घाटवाट:

जानेवारी. भात कापणीला आलेलं असतं, पोंगल असतो, आणि तिरुवैयारूला त्यागराज आराधना, पुष्य वद्य पंचमीला, शेकडो गायक नदीकाठी एकत्र बसून पंचरत्न कीर्तनं म्हणतात. गर्दी मात्र तुफान. गुडघ्यांसाठी फेब्रुवारी.

मनोरा बघितलाय. पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकाठी, आठ मजली, षटकोनी. नेपोलियन हरला म्हणून सरफोजींनी बांधला. तंजावरच्या मराठी राजाला नेपोलियनचं काय पडलं होतं असं वाटतं खरं, पण कंपनीला खूश ठेवायचं म्हणजे काहीतरी करावंच लागतं. वेळ असेल तरच जा, दीड तास जायला.

---

मोडीवाचक:

लेकीचं कौतुक. शिलालेखाचा मजकूर पुस्तकरूपात छापलेला आहे, भोसले वंशचरित्र या नावाने. सरस्वती महालाच्या प्रकाशन विभागात चौकशी करा, ते लोक स्वतःची बरीच प्रकाशनं विकतात आणि किमती अजून जुन्याच असतात. वाचताना एक लक्षात ठेवायचं, हा इतिहास राजाने स्वतःच्या घराण्याचा, कंपनीच्या नजरेखाली लिहवून घेतलाय. काय कोरलंय तेवढंच काय गाळलंय तेही बघण्यासारखं. मी तिथे आठवडाभर मोडी रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बघत होतो, दरबारचे हिशेब, पत्रं, कोणाला किती तूप दिलं, हत्तीच्या औषधाला किती. तमिळ मुलखात बसून दीडशे-पावणेदोनशे वर्षं कारभार मोडीत. वाचणारी माणसं आता कमी आणि कागद ढीगभर.

---

पिंपळपान:

मला पाण्याचं सांगायचंय, मी तंजावरला तीन वर्षं नोकरीला होतो. हे जे तुम्ही छत्री धरून बघितलंत ना पाणी, त्याची जुनी सोय होती शहरात. सेवप्पनायकन एरी म्हणजे तलाव, त्यातून पाणी देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात, तिथून जमिनीखालच्या भाजलेल्या मातीच्या नळांतून अय्यनकुळम तळ्यात. मधे सगळं बुजलं, घरं झाली, नळ कुठून जातात कोणाला माहीत नव्हतं. अलीकडे अय्यनकुळम साफ करताना त्याचा मार्ग परत मोकळा केला. मी असताना पहिल्या मोठ्या पावसाला आमच्या ऑफिसातले लोक चहा सोडून तळ्यात पाणी येतंय का बघायला गेले होते.

---

चेन्नैची_सून:

@टिवल्याबावल्या पुढच्या वेळी कळवा, आमचं घर अजून आहे वेस्ट मेन स्ट्रीटच्या मागे, काकासासरे राहतात. सासूबाईंना पायऱ्या नाहीत. काकासासऱ्यांना घरी आलेल्या माणसाशी मराठी बोलायची फार हौस, त्यांची तंजावरची आणि तुमच्या सासूबाईंची, दोघं मिळून काय बोलतील ते मला रेकॉर्ड करायचंय.

---

टिवल्याबावल्या:

अगं नक्की! सासूबाईंना आत्ताच सांगितलं, त्या विचारतायत जाताना भाकरी न्यायच्या का.

---

आगाऊ_कार्टा:

सगळं ठीक. बाहुलीचं काय झालं ते कोणीच विचारेना.

---

टिवल्याबावल्या:

हॉटेलात हेअरड्रायरने वाळवली. रंग अर्धा टॉवेलला गेला. कमरेपासून खालची नीट डोलते, मान मात्र फुगली आणि आता फक्त डावीकडेच हलते. लेकीने तिचं नाव सरफोजी ठेवलंय.